पैलवानाची आठ दिवसांची सुट्टी

बाईंचं टायपिंग इन्स्टिट्यूट बंद होऊन सहा वर्षं झाली होती, तरी रस्त्यात त्यांना पाहून माणसं पाठ ताठ करायची. कचेरीतला हेडक्लार्क असो की बँकेतला साहेब, समोरून बाई आल्या की खांदे आपोआप मागे जायचे आणि कोपरं अंगाला चिकटायची. सत्तावीस वर्षं बाईंनी त्या शहराच्या पाठी सरळ केल्या होत्या. "वाकून बसायचं असेल तर घरी जाऊन भांडी घास," हे त्यांचं वाक्य मुलग्यांनाही लागू होतं, आणि झोंबायचं ते त्यांनाच जास्त.

इन्स्टिट्यूट म्हणजे राहत्या घराच्याच तळमजल्यावरची लांबट खोली. बारा मशीनं, बिनहातांच्या बारा खुर्च्या, आणि कळांवरची अक्षरं दिसू नयेत म्हणून प्रत्येक मशीनवर पत्र्याचं झाकण. मागच्या कोपऱ्यात दादांचं टेबल. दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. अडकलेली कळ, सैल झालेला पट्टा, मध्येच रुसणारी घंटी, सगळ्यांवर दादांकडे इलाज असायचा. बाई मुलांना रडवायच्या आणि दादा त्यांना माठातलं पाणी द्यायचे. दोघांचं मिळून ते इन्स्टिट्यूट चालायचं.

बाईंची शिकवण्याची रीत त्यांची स्वतःची होती. पहिल्या दिवशीच त्या सांगायच्या, "टायपिस्टनं अर्थ वाचायचा नाही. अर्थात शिरलात की बोटं थांबतात. कोर्टाचा निकाल असेल, कुणाचं प्रेमपत्र असेल, आपल्याला काय करायचंय? डोळ्यानं अक्षर घ्यायचं, बोटानं ठेवायचं. मध्ये डोकं घालायचं नाही." आणि त्यांचा हातखंडा उपाय होता सुट्टीचा. एखाद्याचा स्पीड मिनिटाला अडतीस शब्दांवर जाऊन रुतला, पुढं सरकेना की बाई म्हणायच्या, "आठ दिवस मशीनला हात लावायचा नाही. बोटं थकलीत तुझी." नवव्या दिवशी तो मुलगा यायचा आणि बेचाळीसवर जायचा. दरवेळी नाही, पण जेव्हा जायचा तेव्हा बाई ती गोष्ट वर्षभर सांगायच्या.

पैलवान आला तो इन्स्टिट्यूटच्या शेवटच्या तीन वर्षांत. दादांनी मशीनच्या रिकाम्या खोक्यातून त्याला आणलं. भुऱ्या रंगाचं, मोठ्या पंजांचं पिल्लू. वहिनी, म्हणजे दादांची बायको, पंजे बघूनच म्हणाल्या होत्या, "हे कुत्र्याचं पिल्लू आहे की वासराचं?" वर्षभरात तो बेचाळीस किलोंचा झाला. दादांच्या टेबलाखाली तो झोपायचा. बारा मशिनांचा खडखडाट चालू असेपर्यंत घोरायचा आणि बॅच सुटून खोली शांत झाली की दचकून जागा व्हायचा. संध्याकाळी दादांची स्कूटर कोपऱ्यावर वळली की हा आतल्या खोलीतून दादांची घरातली सपात तोंडात धरून फाटकाकडे धावायचा. एकच आणायचा, तीही लाळेनं भिजलेली. दादा एका पायात बूट, एका पायात ओली सपात अशी लंगडी घालत घरात शिरायचे आणि म्हणायचे, "उद्या दुसऱ्या पायाची आण रे बाबा."

मग टायपिंगला कुणी येईनासं झालं. मशीनं एकेक करून गेली, एकच काय ते राहिलं. दोन वर्षांनी दादाही गेले. घरात उरल्या नणंद, भावजय आणि दादांचा कुत्रा.

दोघींचं तसं बरं चाललं होतं, म्हणजे दिवसातून चारदा वाजायचं. बाई घड्याळावर जेवायच्या आणि वहिनी भुकेवर. बाई पेपर घडी घालून ठेवायच्या, वहिनी त्यावर मटार सोलायच्या. दादांचा विषय मात्र दोघीही टाळायच्या. त्या पैलवानाबद्दल बोलायच्या. "आज त्यानं चप्पल शोधली," वहिनी म्हणायच्या. "सकाळी फाटकापाशी बसला होता," बाई म्हणायच्या. तेवढ्यावर दोघींचं भागायचं.

पैलवान नऊ वर्षांचा झाला तेव्हा एका सकाळी पोस्टमनच्या दिशेनं धावता धावता तो अंगणात आडवा झाला. अर्ध्या मिनिटात उठला आणि काही झालंच नाही असं शेपूट हलवू लागला. पण बाईंनी त्याच दुपारी रिक्षा बोलावली.

कुत्र्यांची डॉक्टरीण पस्तिशीची, शांत होती. तिनं पैलवानाच्या पायांना चिमटे लावून हृदयाचा आलेख काढला आणि लांब कागदावर बोट ठेवून दोघींना दाखवला. "हे ठोके बघा. फार जलद आहेत आणि सारखे पडत नाहीत. हृदय इतक्या घाईत आहे की भरायलाच वेळ मिळत नाही. अर्धवट भरलं की लगेच आवळतं. म्हणून मेंदूला रक्त कमी पडलं आणि तो पडला."

"मग?" वहिनींनी विचारलं.

"एक औषध देते. बीटा-ब्लॉकर म्हणतात. माणसांनाही देतात, ब्लड प्रेशरला वगैरे. हृदयाला ते सांगतं, जरा दमानं. बरं नाही करत हं, सांभाळतं. पाव गोळीपासून सुरू करू, दर दोन आठवड्यांनी तपासून वाढवू."

"अगंबाई, म्हणजे माझ्याच गोळीची बहीण!" वहिनी म्हणाल्या. "आता घरात दोघंजण दमानं घेणार. डॉक्टर, तिसऱ्या माणसासाठी आहे का हो काही?"

डॉक्टरीण हसली. "बहीण असली तरी तुमची गोळी त्याला द्यायची नाही. डोस वेगळा असतो."

वहिनींचा टोमणा बाईंना एरवी लागला असता. पण त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. डॉक्टरीण कॉम्प्युटरवर सूचना लिहीत होती, आणि ती दोन बोटांनी टाइप करत होती! उरलेली आठ बोटं हवेत. मनगटं खाली पडलेली. लिहिता लिहिता ती तोंडानंही सांगत होती, गोळीबद्दल काहीतरी, पण बाईंना त्या दोन बोटांपलीकडे काही दिसेना की ऐकू येईना. 'अंगठा, अगं अंगठा वापर,' एवढंच त्यांच्या मनात चाललं होतं.

घरी येऊन बाईंनी छापील कागद वाचायला घेतला आणि सवयीनं हातात लाल पेन आलं. अकरा ओळींत नऊ चुका. मग त्यांनी शिल्लक राहिलेलं मशीन काढलं, पुसलं आणि तो सगळा मजकूर स्वच्छ टाइप करून फ्रिजवर चिकटवला. खाली तक्ता केला: तारीख, सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी, झोपेतले श्वास. सातवी ओळ अशी होती: 'गोळी अचानक बंद करू नये. बंद करायची झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.' बाईंच्या डोळ्यांनी ती ओळ घेतली आणि बोटांनी ठेवली. एकही चूक नव्हती. मधल्या डोक्याला तिचा पत्ताच लागला नाही.

औषध सुरू झालं. ब्लेडनं गोळीचे चार सारखे भाग करायचे, उकडलेल्या बटाट्यात दडवायचे, सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला द्यायचे. दुपारी पैलवान झोपला की बाई घड्याळ घेऊन शेजारी बसायच्या आणि बरगड्या किती वेळा वर येतात ते मोजायच्या. तीसच्या वर सतत गेले तर फोन करायचा होता. बावीस यायचे. कधी चोवीस. मिनिटाला किती, हे मोजण्यात बाईंचं आयुष्य गेलं होतं. त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पावाची अर्धी झाली, मग अर्ध्याची पाऊण. डॉक्टरीण म्हणाली, "छान. ठोके आता आटोक्यात आलेत."

ठोके आटोक्यात आले, पण पैलवानही आला. तो हळू झाला. पोस्टमन आला तर मान वर करायचा आणि खाली ठेवायचा. कोपऱ्यावर कुणाचीही स्कूटर वळली की इतकी वर्षं त्याचे कान उभे राहायचे. आता एकच व्हायचा, तोही अर्धा. दादांच्या सपाता दाराआड होत्या तिथंच होत्या. दिवसभर तो वहिनींच्या खुर्चीपाशी पसरलेला असायचा.

"हा आपला पैलवान नाही," बाई म्हणाल्या.

"मग कुणाचा आहे? शेजाऱ्यांचा?"

"तसं नाही वहिनी. याच्यातला पैलवान गेलाय. नुसता पडून असतो."

"वन्सं, नऊ वर्षांचा आहे तो. तुम्ही-आम्ही पळतो का?"

"तुम्ही कधीच पळत नव्हतात," बाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथं भांडणावर संपला.

पण बाईंच्या मनातून तो जाईना. त्यांना तो धावणारा कुत्रा हवा होता. तो धावला की फाटक वाजायचं, दादांचं लंगडणं आठवायचं, खालच्या खोलीतली बारा मशीनं पुन्हा बोलू लागायची. हा पडून राहिला की सगळं घरच आवरून ठेवल्यासारखं दिसायचं. आणि मग एका दुपारी श्वास मोजता मोजता त्यांना उत्तर सापडलं. हा रुतलाय. अडतीसवर रुतलेल्या मुलासारखा. थकलाय तो गोळीनं. आठ दिवस सुट्टी द्यायची, नवव्या दिवशी परत सुरू करायची. कसा फुलतो बघा!

वहिनींना सांगायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. दुसऱ्या दिवसापासून बाई नुसताच बटाटा देऊ लागल्या. तक्त्यात खुणा मात्र कराव्या लागायच्या, कारण वहिनी फ्रिज उघडताना बघायच्या.

पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवान चहाच्या आधी उठला. अंगणात दोन फेऱ्या मारल्या. संध्याकाळी समोरच्या घरातली स्कूटर आली, आणि आतल्या खोलीत काहीतरी धडपडलं. दोघी बघतात तर हा सपात तोंडात धरून फाटकाकडे धावत निघालेला! फाटकापाशी जाऊन तो उभा राहिला, शेपूट गरगर फिरवत, रस्त्याकडे बघत. वहिनी दाराच्या चौकटीला धरून हसायला लागल्या, हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "अहो, एकच आणलीय बघा," त्या म्हणाल्या. बाईंना हे 'अहो' आपल्याला नाही हे कळलं. इतका आनंद त्यांना चार वर्षांत झाला नव्हता. त्या दुपारचे श्वास चौतीस होते. बाईंनी मोजले होते, दोनदा मोजले होते, आणि सकाळच्या फेऱ्यांमुळं असतील असं ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी साडेदहाला पोस्टमनची सायकल वाजली. पैलवान सुटला. फाटकापर्यंत पोचलाही. आणि मग त्याचे मागचे पाय आधी बसले आणि तो कुशीवर कोसळला. या वेळी अर्ध्या मिनिटात उठला नाही. हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या. पोट भात्यासारखं हलत होतं. बाईंनी मोजायला सुरुवात केली आणि वीस सेकंदांत वीस झाल्यावर घड्याळ खाली ठेवलं.

शेजारच्या निवृत्त इंजिनिअरांनी गाडी काढली. चादरीत घालून तिघांनी त्याला उचललं. वाटेत वहिनी मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "औषध चालू असताना असं कसं झालं? औषध चालू असताना?" बाई पुढं बसल्या होत्या. पाठ ताठ होती.

डॉक्टरिणीनं त्याला ऑक्सिजन लावला, एक इंजेक्शन दिलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. तिचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर दिसत होता.

"गोळ्या वेळेवर चालू होत्या ना?"

"म्हणजे काय!" वहिनी म्हणाल्या. "घड्याळाच्या काट्यावर. आमच्या वन्संचं काम आहे ते, चूक सापडायची नाही. मोबाईलमध्ये तक्त्याचा फोटो आहे, दाखवू?" आणि दाखवलासुद्धा. ओळीनं खुणा. सकाळ, संध्याकाळ, सकाळ, संध्याकाळ.

डॉक्टरिणीनं तो बघितला, मान हलवली. "मग सोसलं नाही त्याला हे औषध. काही हृदयं असतात अशी. ठोके धरायला गेलं की ताकदच सोडून देतात. आता हे पुन्हा कधी द्यायचं नाही. दुसरं काही करता येतं का बघू, पण..." ती कॉम्प्युटरकडे वळली आणि दोन बोटांनी लिहू लागली.

बाई तिच्या मागं उभ्या होत्या. पडद्यावर अक्षरं एकेक करून उमटत होती. आणि सबंध आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच बाईंनी ती नुसती घेतली नाहीत, वाचली. 'औषध लागू पडत नाही. कायमचे बंद.' लागू पडत होतं की! बावीस श्वास, चोवीस श्वास, चांगले दोन महिने. उपयोगी पडणारी एकुलती एक गोष्ट इथं, त्यांच्या डोळ्यांसमोर, कायमची काढून घेतली जात होती, आणि थांबवू शकणारं या खोलीत एकच माणूस होतं.

"थांबा," बाई म्हणाल्या.

दोन बोटं थांबली.

"औषध चालू नव्हतं. मी बंद केलं. परवापासून. ते... त्या खुणा खोट्या आहेत."

वहिनींनी मोबाईल हळूच पर्समध्ये ठेवला. त्या बाईंकडे बघत नव्हत्या, पैलवानाकडे बघत होत्या.

"एकदम बंद केलं?" डॉक्टरिणीनं विचारलं. "पाऊण गोळीवरून एकदम?"

"एकदम."

"मी सांगितलं होतं. लिहूनही दिलं होतं."

"हो. मी ते टाइप केलंय," बाई म्हणाल्या. "वाचलं नाही."

डॉक्टरिणीनं लिहिलेलं सगळं पुसलं. "ऐका. हे औषध म्हणजे घोड्याचा लगाम समजा. तो एकदम सोडला की हृदय आधीपेक्षाही जोरात उधळतं. तेच झालंय. म्हणजे औषध वाईट नाही, त्याला चांगलं मानवत होतं. आता हृदय दमलंय, छातीत पाणी धरलंय, म्हणून आज ते देता येणार नाही. आधी पाणी उतरवू. दोन-तीन दिवस इथंच ठेवते. सावरला तर पुन्हा पाव गोळीपासून सुरुवात." तिनं खुर्ची बाईंकडे वळवली. "तुम्ही आत्ता बोलला नसतात तर मी ते त्याला आयुष्यात परत दिलं नसतं."

"सावरेल?" वहिनींनी विचारलं.

"आज सांगता येणार नाही."

घरी परतताना वहिनी एक अक्षर बोलल्या नाहीत. घरी आल्यावरही नाही. ही सगळ्यात मोठी शिक्षा होती. वहिनी न बोललेल्या बाईंनी कधी पाहिल्याच नव्हत्या. दुपारी त्यांनी दोघींचं ताट वाढलं, बाईंच्या वेळेवर, आणि समोर बसल्या.

"मला विचारायचं होतंत," शेवटी त्या म्हणाल्या. "तीच गोळी मी सहा वर्षं खातेय. मनानं बंद करायची नाही हे मला डॉक्टर दर महिन्याला सांगतात. त्यांना वाटतं मी बावळट आहे. आणि या घरातल्या हुशार माणसाला कुणी काही सांगायलाच जात नाही."

"चुकलं माझं, वहिनी."

"ते कळलं." वहिनींनी भात कालवला. मग हात थांबवून म्हणाल्या, "वन्सं, एक सांगू? मला तो हळू झालेला आवडत होता. तुमचे दादा काय किंवा हा काय, माझ्यापाशी बसले कधी? सतत ह्याच्या मागं, त्याच्या मागं. तीस वर्षं मी फाटकाकडे धावणाऱ्यांच्या पाठीच बघितल्या. गेले दोन महिने तो खुर्चीपाशी बसायचा, पायावर हनुवटी ठेवून. मला वाटायचं, चला, यांच्यापैकी एक तरी बसला."

बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. भावजयीला काही हवं असेल, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

पैलवान चौथ्या दिवशी घरी आला. अंग उतरलं होतं, पायरीवर आधार द्यावा लागला. सगळं पुन्हा पहिल्यापासून: पाव गोळी, दोन आठवडे, अर्धी, दोन आठवडे. गोळी द्यायचं काम वहिनींनी आपल्याकडे घेतलं, कुणाला न विचारता. श्वास मोजायचं बाईंकडे राहिलं. सातव्या ओळीखाली वहिनींनी भाजीच्या हिशेबाच्या पेन्सिलीनं जाड रेघ मारली होती. बाईंच्या टाइप केलेल्या कागदावर कुणी असं काही करण्याची ती पहिलीच वेळ. बाईंनी ती रेघ राहू दिली.

त्यानंतर पैलवान सव्वा वर्ष जगला. धावला नाही. सकाळी उन्हं आली की त्याला घेऊन बाई रस्त्याच्या टोकापर्यंत जायच्या. दादांच्या वेळी ती फेरी दहा मिनिटांची होती, ती आता पाऊण तासाची झाली. तो प्रत्येक फाटकापाशी थांबायचा, वास घ्यायचा, विचार करायचा, कधी सावलीत बसून घ्यायचा. बाई पहिले काही दिवस दोरी ओढून बघायच्या. मग त्यांनी सोडून दिलं आणि त्याही शेजारच्या कट्ट्यावर टेकू लागल्या, पाठ मागं टाकून, पाय लांब करून. कचेरीला निघालेले त्यांचे जुने विद्यार्थी तिथून जायचे, बाईंना तसं बसलेलं बघून गोंधळायचे, आणि आपण ताठ व्हायचं की नाही हे न कळून अर्धवटच सरळ व्हायचे. एकानं एकदा धीर करून विचारलं, "बाई, बरं नाही का याला?"

"आहे की बरं," बाई म्हणाल्या. "तुला घाई असेल तर हो पुढं."